एका ठोशात यादीचा चिवडा

सकाळी सातला हाटकेशच्या नाक्यावर जिममधून उतरलेली पोरं कटिंग घेत उभी असतात. एकाच्या टी-शर्टवर मुष्टियोद्धा माइक टायसन, दुसऱ्याच्या मोबाइलवर सिकंदर शेखची कुस्ती. वाद रोजचाच: मोठा कोण? आणि मोठा जेव्हा किरकोळाकडून मार खातो, तेव्हा त्याचा नंबर कितवा?

टायसनपासूनच सुरू करू. 11 फेब्रुवारी 1990, टोकियो. टायसन 37 लढतींत अजिंक्य, समोर बस्टर डग्लस. लास वेगासच्या एका कसिनोत भाव होता 42 ला 1. आठव्या फेरीत डग्लस आडवा झाला, पण उठला. दहाव्या फेरीत टायसन कॅनव्हासवर रांगत होता, हाताने चाचपून तोंडातून पडलेला माउथपीस शोधत होता. खरी गंमत त्यानंतर. ‘आठव्या फेरीत पंचाने आकडे सावकाश मोजले’ म्हणून टायसनच्या गोटाने बोंब ठोकली आणि दोन मोठ्या संघटनांनी डग्लसला विजेता मानायलाच नकार दिला. पेपरांतून टीकेचा भडिमार झाला तेव्हा काही दिवसांत दोन्ही गुपचूप मागे हटल्या. डग्लसचं राज्य टिकलं जेमतेम आठ महिने. टोकियोतल्यापेक्षा साडेसहा किलो जास्त वजन घेऊन तो इव्हँडर होलीफिल्डपुढे उभा राहिला आणि तिसऱ्या फेरीत झोपला.

हेवीवेट मुष्टियुद्धात क्रमवारीची यादी एकच असते, हा गैरसमज आधी काढून टाका. चार मोठ्या संघटना, चार पट्टे, चार याद्या. विजेता यादीच्या वर बसतो आणि खाली दावेदारांची रांग. एखाद्या उपऱ्याने विजेत्याला लोळवलं की रांगेतले सगळे चिडतात, कारण अनेकदा करारात परतीच्या लढतीची अट असते. म्हणजे हरलेला राजा मागे न जाता थेट रांगेच्या पुढे! लेनॉक्स लुईसचं असंच झालं. एप्रिल 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हासीम रहमानने त्याला पाचव्या फेरीत उताणं पाडलं. लढतीआधी लुईससाहेब एका हॉलीवूडपटाच्या शूटिंगमध्ये रमले होते. नोव्हेंबरात पुन्हा लढत, चौथ्या फेरीत रहमान आडवा, हिशेब चुकता.

अँडी रुईझ तर आयत्या वेळी आलेला बदली पाहुणा. मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकला म्हणून त्याला बोलावलं. थुलथुलीत पोट पाहून लोक हसले. 1 जून 2019 ला न्यूयॉर्कमध्ये त्याने अँथनी जोशुआला चारदा खाली बसवलं आणि पट्टे उचलले. सहा महिन्यांनी सौदीत परत लढत झाली, तेव्हा रुईझ आणखी सात किलोंनी भरला होता. जोशुआ हलका होऊन आला, लांबूनच ठोसे देत राहिला, गुणांवर जिंकला. जिंकल्यावर जेवणावर ताबा हवा, हे आपल्याकडचा कुठलाही वस्ताद फुकटात सांगेल.

माझा लाडका किस्सा मात्र केन नॉर्टनचा. फेब्रुवारी 1978 मध्ये लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवलं, तेही कारकिर्दीतल्या जेमतेम आठव्या व्यावसायिक लढतीत. स्पिंक्सने अलीशी पुन्हा लढायचं ठरवल्यावर एका संघटनेने त्याचा पट्टा काढून नॉर्टनला देऊन टाकला, त्याच्या आधीच्या एका विजयाच्या जोरावर. नॉर्टन विश्वविजेता झाला घरबसल्या! जूनमध्ये लॅरी होम्सने पट्टा नेला. विश्वविजेतेपदाच्या तीन लढती नॉर्टन खेळला, तिन्ही हरला. टायसन फ्युरीची कथा उलटी. नोव्हेंबर 2015 मध्ये त्याने तेव्हाच्या विजेत्या क्लिच्कोला हरवलं आणि दोन आठवड्यांच्या आत एक पट्टा गमावला, तोही एक ठोसा न खाता. नेमलेल्या दावेदाराऐवजी क्लिच्कोशी परत लढायचं होतं, एवढाच गुन्हा.

हे वाचून ‘गोऱ्यांचे धंदे’ म्हणून हसू नका. आपल्याकडे काय वेगळं चाललंय? जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदरला हरवलं. टांग या डावाला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर काथ्याकूट झाला. गदा गायकवाडला हरवून शिवराज राक्षेने नेली, पण त्या आठवड्यात गावोगावी नाव निघालं ते हरलेल्या सिकंदरचं. आमच्याकडे क्रमवारी छापत नाहीत, ती पारावर ठरते.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तर कहरच. दोन संघटना, दोन महाराष्ट्र केसरी! फुलगावला सिकंदरने राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवलं. धाराशिवला त्याच महिन्यात राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा खांद्यावर घेतली. एकच मल्ल एकाच महिन्यात उपविजेताही आणि विजेताही.

2025 मध्येही तोच प्रकार: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. तेव्हा नाक्यावर कुणी ‘यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण?’ असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी चहा मागवा आणि विचारा, ‘कुठला?’