आधी सांग, सेल्फ मारला होता का?

नशिराबादच्या शिवारातून केळी उचलायची तर ट्रक महामार्गावर उभा ठेवून भागत नाही. तो बागेच्या बांधापर्यंत आत न्यावा लागतो आणि बांध ते महामार्ग या वाटेत एखादा तरी नाला आडवा येतोच. अजिंठ्याच्या लेण्यांना अर्धचंद्राकार वळसा घालून आलेली वाघूर इथून जवळच, साकेगावपाशी महामार्ग ओलांडते. ती तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणीही तुंबतं आणि फरशी पूल दिसेनासा होतो. कापलेली केळी मात्र थांबत नाही. घड काळे पडू लागले की भाव उतरतो, मालकाचा फोन वाजतो आणि चालक गाडी पाण्यात घालतो.

समजा, मधोमध इंजिन बंद पडलं. दुरुस्ती काही हजारांत निघणार की लाखांत जाणार, हे पुढच्या मिनिटभरात चालकाच्या हातून ठरतं. चावी फिरवून सेल्फ मारणं ही त्या क्षणाची सगळ्यात स्वाभाविक गोष्ट आहे आणि सगळ्यात घातकही तीच.

कारण साधं आहे. इंजिनात पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. आपल्याकडच्या अनेक ट्रकमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. त्याच्या एका सिलिंडरमध्ये साधारण 980 मिलिलिटर हवा येते आणि पिस्टन वर पोचला की ती सुमारे सतरापट दाबली जाते. म्हणजे शेवटी वर उरणारी जागा असते साठेक मिलिलिटरची. टपरीवरच्या अर्ध्या चहाएवढं पाणी आत गेलं की ती जागा भरली. त्याहून जास्त पाणी असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही. मागून फ्लायव्हील ढकलत असतं, पुढे पाणी हटत नाही आणि या दोघांत सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईतल्या अनेक कारमालकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. डिझेल इंजिनात पेट्रोलपेक्षा दाब जास्त, म्हणून वर उरणारी जागा कमी आणि धोका अधिक.

ट्रकला हवा घेणारं तोंड बहुतेक वेळा केबिनच्या मागे उंचावर असतं. त्यामुळे ‘एवढ्या वर पाणी पोचलंच नाही’ असं चालक शपथेवर सांगतो आणि ते खरंही असतं. पण त्या तोंडापासून इंजिनापर्यंत रबरी पाइप असतात, त्यांना क्लिप असतात. एक क्लिप ढिली किंवा एका पाइपाला चीर, एवढं पुरतं. पंखा पाण्यात फिरत असला की इंजिनावर फवारा उडतोच आणि इंजिन तो त्या चिरेतून ओढून घेतं. पिकअप आणि छोट्या टेम्पोंत तर हवेचं तोंड बऱ्याचदा बोनेटखालीच असतं.

म्हणून चांगला मिस्तरी पान्ह्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारतो. गाडी स्वतः बंद पडली की तू बंद केली? पाणी कुठवर होतं? आणि खरं सांग भो, नंतर सेल्फ मारला होता का? या तिसऱ्या प्रश्नाला फार वेळा खोटं उत्तर मिळतं. मालक बाजूलाच उभा असतो आणि खर्च आपल्या पगारातून कापला जाईल, ही भीती चालकाच्या पोटात असते. मला या सगळ्या प्रकरणात यंत्रापेक्षा ही भीतीच जास्त महाग वाटते. चालकाने खरं सांगितलं तर मिस्तरी सरळ दुखण्यापर्यंत जातो. ‘नाही मारला’ म्हटलं आणि त्यावर विश्वास ठेवला गेला, तर वाकलेला रॉड तसाच आत राहतो.

उभी गाडी बुडणं आणि चालती गाडी पाण्यात बंद पडणं ही दोन निराळी दुखणी आहेत. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं. अशा पुरात दारात उभी असलेली गाडी बुडते, तेव्हा इंजिन फिरतच नसतं, रॉड वाकायचं कारण नसतं. आत पाणी असतं, गाळ असतो, पण काही मोडलेलं नसतं. मोडतं ते पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवली की.

आता तपासणी. सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. त्यामुळे ओल्या कनेक्टरमध्ये तांबं हिरवं पडत जाणं थांबतं आणि चुकून कुणी सेल्फ मारण्याची सोयही उरत नाही. मग एअर फिल्टर उघडायचा. कागद ओला, फुगलेला असेल तर पाणी तिथवर आलं. पण कागद कोरडा म्हणून सुटका होत नाही, कारण चीर फिल्टरच्या पुढच्या पाइपाला असू शकते. तो पाइप टर्बोपाशी सोडवून आत बोट फिरवावं. खानदेशातली काळी माती इथे उपयोगी पडते. पाणी निथळून गेलं तरी ती मागे आपली रेघ सोडते. बोटाला चिकणगाळ लागला की पुढचं सगळं इंजिनात पाणी आहे असं धरूनच करायचं.

डिपस्टिक काढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, हे कुणीही सांगेल. पण त्यात अजून एक बातमी दडलेली असते. पाणी नुसतं शिरून राहिलं असेल तर ते जड म्हणून ऑइलच्या चेंबरच्या तळाशी बसतं, वर ऑइल स्वच्छ दिसतं आणि पातळी तेवढी खुणेच्या वर चढलेली असते. ऑइल घुसळून दुधाळ व्हायला इंजिन फिरावं लागतं. म्हणजे पाणी शिरल्यावर इंजिन फिरलं की नाही, हे ऑइलच्या रंगावरून कळतं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालंय का, तेही पाहावं, कारण हेड गॅस्केट गेलं तरी ऑइल असंच दुधाळ होतं. शंका राहिली तर चेंबरचा नट अगदी सावकाश ढिला करायचा. आधी पाणी आलं आणि मागून ऑइल, तर उत्तर मिळालं.

यानंतर सगळे नोझल काढून इंजिन सेल्फने नव्हे, हाताने, फ्लायव्हीलला पान्हा किंवा पहार लावून फिरवायचं. नोझलच्या भोकांतून पाणी उडतं, तेव्हा वर वाकून बघू नये. पाणी गेल्यावर इंजिन पूर्ण फेरे मोकळेपणी घेत असेल तर जीव भांड्यात पडतो. त्याच दिवशी प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं. लायनरवर गंज धरायला एक-दोन दिवस पुरतात आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत तसंच ठेवलेलं इंजिन त्या वाट पाहण्यातच बिघडतं. सर्व्हेअरला फोटो पाठवून परवानगी घ्यावी, पण थांबू नये. विम्याचं सांगायचं तर, पूर हा पॅकेज पॉलिसीत येणारा धोका आहे, पण त्याच्या परिणामातून पुढे झालेलं नुकसान त्यात येत नाही. पाण्यात सेल्फ मारून मोडलेलं इंजिन कंपन्या बहुधा त्या दुसऱ्या रकान्यात टाकतात.

डिझेलही तपासायचं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून वॉटर सेपरेटरच्या तळातून ते आधी निघतं. 2020 च्या एप्रिलपासूनच्या बीएस-6 गाड्यांत डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो. तिथे पाण्याचे चार थेंबही नोझल खातात.

चाकांचे हब आणि ॲक्सलचं हाउसिंग यांकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ट्रकच्या चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर असतो. चालून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. त्या दिवशी काहीच कळत नाही. गिअरऑइल दुधाळ होतं, बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं आणि पंधरा-वीस दिवसांनी चाक गुरगुरू लागतं. इंजिन सुखरूप निघालं तरी ही ऑइलं बदलावीत, हब उघडून ग्रीस भरावं.

पाण्यातून गाडी ओढून काढतानाही घोटाळा होतो. टोचन लावून ट्रॅक्टरने ओढली आणि ‘होते का चालू बघू’ म्हणून गिअर टाकला, तर भरलेल्या ट्रकचं सगळं वजन चाकांतून त्या रॉडवर येतं. सेल्फ निदान अडून ‘टक्’ करून थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही. ओढायची ती न्यूट्रलमध्येच.

आणि रॉड थोडासाच वाकला असेल तर? गाडी चालू होते, म्हणून तर फसवणूक होते. रॉड एक मिलिमीटरने जरी आखूड झाला, तरी वर सांगितलेल्या इंजिनात दाब सतरापटीवरून पंधरापटीवर येतो. सकाळी गार इंजिन सुरू करताना पांढरा धूर, एका सिलिंडरचा ठोका निराळा, ऑइल थोडं जास्त खाणं, एवढंच जाणवतं. कॉम्प्रेशन गेज लावलं तर पाच सिलिंडर सारखे आणि एक खाली दिसतो. नोझलच्या भोकातून तार सोडून पिस्टन कुठवर वर येतो तेही मोजता येतं. हे तासा-दोन तासांचं काम आहे. ते न करता सोडलेली गाडी केळी घेऊन महिनाभर मुंबईच्या फेऱ्या करते. मग एखाद्या रात्री पारोळ्याच्या पुढे, भर वेगात, तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि रस्त्यावर ऑइल सांडतं. धुळ्याचा मिस्तरी बॅटरीच्या उजेडात ते भोक बघतो, रॉडचा तुकडा हातात घेऊन फिरवतो आणि चालकाला विचारतो, “पावसात कुठे पाण्यात गेली होती का रे गाडी?”