फौजेतले पणजोबा शोधताना

पणजोबा फौजेत होते एवढंच ठाऊक असेल, तर आधी घरातलं पदक शोधा. पहिल्या महायुद्धातल्या बहुतेक पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. युद्धात मृत्यू आला असल्यास कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव पाहा.

लष्करी नोंदींनंतर मुलकी दप्तर पाहा. तिथे बोईसर-तारापूरकरांची गफलत होते ती जिल्हा-तालुक्यात. त्यांचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४चा. त्याआधीचे कागद ठाणे जिल्ह्याचे. ब्रिटिश अमदानीत तारापूर माहीम तालुक्यात होतं. हे माहीम केळव्याशेजारचं, मुंबईतलं नव्हे. जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफार, शाळेचं रजिस्टर माहीम तालुक्याच्याच नावाखाली धुंडाळा.

त्याहून जुने पूर्वज १७३९च्या तारापूरच्या मराठे-पोर्तुगीज लढाईतले असतील, तर पुण्याचं पेशवे दप्तर गाठा आणि सोबत मोडी वाचणारा जाणकार न्या.