रॉजर कुठे बसला?

आठवीच्या इंग्रजीला लँग्स्टन ह्यूजची ‘थँक यू, मॅम’ ही कथा मी आवर्जून घेते. १९५८ सालची, जेमतेम तीन-चार पानांची. रात्री अकराच्या सुमारास रॉजर नावाचा मुलगा एका धिप्पाड बाईची पर्स हिसकावायला जातो. पट्टा तुटतो आणि तोच आडवा पडतो. बाई त्याला पोलिसांकडे न देता ओढत घरी नेते, तोंड धुवायला लावते, जेवू घालते.

ओळीओळीचं भाषांतर मी करत नाही. तसं केलं की मुलांच्या हाती सारांश पडतो, परीक्षेपुरता तो पुरतोही, पण कथा वाचायची राहून जाते. अडणारे दोन-चार शब्द तेवढे फळ्यावर लिहिते. ‘पॉकेटबुक’ म्हणजे बाईची पर्स. ‘स्वेड’ म्हणजे लवदार चामडं; रॉजरला निळ्या स्वेडचे बूट हवे असतात. मग मोठ्याने वाचायला लागते आणि बाई आडोशामागे स्वयंपाकाला जाते तिथे थांबते.

‘वहीत खोली काढा. दार, पलंग, पलंगावर पर्स, आडोशामागे गॅस. रॉजर बसलाय तिथे फुली मारा.’

बहुतेक फुल्या दाराशी पडतात. ‘दार उघडं आहे ना मॅडम, पळायला बरं!’

‘कशावरून? ओळ दाखवा.’

झेरॉक्सवर बोटं फिरू लागतात. कुणीतरी ओरडतं, ‘मॅडम, तो लांब बसलाय! पर्सपासून लांब!’ आणि बसलाय तोही असा, की बाईला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावा. खोडरबर निघतात, फुल्या सरकतात. आता का, ते मराठीत सांगितलं तरी चालतं. ‘संशय नको म्हणून,’ हे लगेच येतं. जरा वेळाने मागच्या बाकावरून येतं, ‘तिने पर्स तशीच टाकली, वळून बघितलंपण नाही, म्हणून.’ या उत्तरासाठी मी थांबून राहते. इथेच ह्यूजचं दोन नकारांचं एक वाक्य आहे, मोठ्यांनाही अडखळवणारं. खोली काढून झाल्यावर मुलं ते आपापलं सोडवतात. इंग्रजी कच्चं असलं तरी माणसं ओळखण्यात ही मुलं कच्ची नसतात. त्या ओळखीला छापील ओळीचा आधार शोधायला लावणं, एवढंच माझं काम.

जेवताना बाई रॉजरला घरचं काही विचारत नाही, स्वतःच्या नोकरीबद्दल सांगत राहते. वर्गात आजोळी राहणारी, वडिलांचा विषय टाळणारी मुलं असतातच. तिने का विचारलं नसेल, हे त्यांना समजावून द्यावं लागत नाही. गाईडमधला ‘या कथेतून काय बोध घ्याल?’ हा प्रश्न मी घेतच नाही. असल्या प्रश्नाला ‘चोरी करू नये’ हेच उत्तर मिळणार, आणि ते कथा न वाचताही लिहिता येतं.

शेवटी बाई त्याला बुटांसाठी दहा डॉलर देते. यावर वर्ग दुभंगतो. ‘चोराला पैसे दिले तर तो परत चोरी करेल,’ ‘नाही करणार, तो दूध आणायला जातो म्हणाला होता.’ आवाज वाढले की वह्या उघडायला सांगते: आपलं मत इंग्रजीत, एकाच वाक्यात, ‘बिकॉज’ घालून. ‘ही नॉट स्टील अगेन बिकॉज शी नॉट लॉक पर्स’ असं वाक्य आलं की मी ते जसंच्या तसं फळ्यावर घेते. भविष्यकाळ आणि भूतकाळातला नकार त्यावरच शिकवते, कारण स्वतःचं म्हणणं नीट पोचावं म्हणून मुलं ते क्रियापद दुरुस्त करून घेतात.