गोळी, इंजेक्शन आणि विम्याचा कागद

चोपड्यात आलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "डॉक्टरसाहेब, ते महागडं इंजेक्शन विम्यात बसतं का?" आज त्यावरच बोलू.

विषय आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, केळीचा घड उचलवत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते.

पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. जुनं, स्वस्त आणि आजही उपचाराचा पाया. ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि तिथेच धीर सुटतो. पुरेशी मात्रा ३ ते ६ महिने घेऊनही सूज हटली नाही, तर बायोलॉजिकचा विचार. ही जिवंत पेशींत तयार केलेली प्रथिनं. सूज पेटवणारा नेमका घटक ती अडवतात. त्यातल्या अडालिमुमॅबचं पहिलं बायोसिमिलर २०१४ मध्ये भारतातच निघालं. औषध स्वस्त झालं, तरी शेतकरी घराला वर्षाचा खर्च जडच.

आता विमा. मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं विमा नियामकाच्या २०१९ च्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत. कंपनीला ती सरसकट वगळता येत नाहीत. खर्चाला मर्यादा मात्र घालता येते. खरी मेख पुढे आहे. बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचा किंवा डे-केअरचाच खर्च देतात. दवाखान्यात सलाईनमधून दिलेलं औषध बसू शकतं. घरी टोचायचं पेन बहुधा ओपीडीत जातं, म्हणजे खर्च आपला. मग औषध सांध्याकडे पाहून नाही, पॉलिसीकडे पाहून ठरतं.

म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी तीन कामं करा. क्षयरोगाची तपासणी, दबलेला क्षय या औषधांनी उफाळतो. कंपनीचं उत्तर लेखी घ्या: कोणतं औषध, कुठे दिलेलं, किती डोस. महात्मा फुले योजनेत आपला उपचार येतो का, ते आरोग्यमित्राला विचारा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार, नंतर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही.

आणि पॉलिसी घेताना आजार लपवू नका. दोन डोस घेऊन पैशाअभावी थांबलात, तर पैसा जातो आणि दुखणं परत येतं. त्यापेक्षा गोळी नेमाने घ्या, आणि पुढचं पाऊल हिशेब करूनच टाका.