चाचा चौधरीच्या जन्मदात्याला अखेरचा सलाम

चाचा चौधरी, साबू, बिल्लू आणि पिंकी ही मंडळी ज्यांच्या लेखणी-कुंचल्यातून जन्माला आली, ते व्यंगचित्रकार प्राणकुमार शर्मा, म्हणजे आपले सर्वांचे लाडके ‘प्राण’, ५ ऑगस्ट २०१४ रोजी गुडगाव येथे कर्करोगाने गेले. शहात्तरावा वाढदिवस अवघ्या दहा दिवसांवर होता. मोठ्या माणसांनी मोठे लेख लिहिले. एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवरून चार आणे भाड्याने कॉमिक्स आणणाऱ्या आम्हा पोरांच्या वतीने हे चार शब्द.

प्राण यांचा जन्म लाहोरजवळच्या कसूर गावचा, १५ ऑगस्ट १९३८ चा. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हा मुलगा नऊ वर्षांचा झाला. फाळणीत गाव पलीकडे राहिले आणि कुटुंब इकडे आले. १९६० साली दिल्लीच्या ‘मिलाप’ वर्तमानपत्रात ‘डब्बू’ ही त्यांची चित्रमालिका सुरू झाली. त्या काळी चित्रकथेचा नायक म्हणजे बहुधा परदेशी. वेताळ काय, मँड्रेक काय, सगळे साता समुद्रापलीकडचे! प्राण यांनी १९७१ साली ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकात उभा केला तो लाल पागोट्याचा, पांढऱ्या मिशांचा, हातात काठी घेतलेला म्हातारा. अंगात बळ नाही, तोंडावर मुखवटा नाही. आहे ती फक्त अक्कल, आणि ती म्हणे संगणकाच्याही पुढे धावणारी! संगणक पाहिलेला माणूस आमच्या आळीत एकही नव्हता, पण अक्कल असलेले म्हातारे पुष्कळ होते. त्यामुळे चाचा आम्हांला लगेच ओळखीचा वाटला.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, दोन्ही हात पानांत आणि तंबाखूत गुंतलेले. तिला अक्षरओळख नव्हती. आम्ही पुस्तक तिच्यापुढे उघडून धरायचो आणि ती नजरेने हुकूम सोडायची, “उलट पान.” हिंदी वाचून दाखवण्याआधीच ती हसलेली असायची. असे का व्हायचे, हे मोठेपणी ती चित्रे पुन्हा पाहताना कळले. प्राण यांच्या चौकटीत पसारा नसतो. एखादी भिंत, एखादे झाड, आणि पुढे ठळक रेषेतली माणसे. कोण चिडला, कोण घाबरला, कोण खोटे बोलतो आहे, हे अंगाच्या वळणावरून समजते. अशी साधी रेषा काढणे सोपे असते असे कुणी समजू नये.

साबू हा गुरू ग्रहावरून आलेला पंधरा फुटी पहिलवान. तो इथे राहिला कशासाठी, तर बिनी चाचीच्या हातच्या पराठ्यांसाठी! तो रागावला की तिकडे गुरूवर ज्वालामुखी फुटतो. आणि राका हा डाकू औषध पिऊन अमर झालेला, म्हणजे मारून उपयोगच नाही. त्याला दरवेळी युक्तीने अडकवावे लागते. हा राका आता सुटणार कसा, यावर आम्ही भावंडे रात्री दिवा मालवल्यावरही भांडत असू.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगितलीच पाहिजे. बिनी चाचीच्या हातचे लाटणे काही सुटले नाही. एवढी खमकी बाई, पण तिची हुशारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबली. त्याची थोडी भरपाई केली ती पिंकीने. कुटकुट नावाची खार बरोबर घेऊन सगळ्या आळीला सळो की पळो करणारी ही पाच वर्षांची पोर माझ्या बहिणीची फार लाडकी होती.

सरकारने ‘पद्मश्री’ दिली ती २०१५ साली, मरणोत्तर. प्राण गेल्याची बातमी मी आईला सांगितली तेव्हा तिला नाव उमगले नाही. चाचा चौधरी काढणारे, असे म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “आणि साबूचं रे? त्याला कोण बघणार आता?”