अर्जेंटिनाचे खेळाडू आणि क्रमवारीचे गणित

अर्जेंटिनाचे नाव काढले की आपल्याला मॅराडोना आणि मेस्सी आठवतात. मॅराडोना ब्यूनस आयर्सजवळच्या व्हिया फिओरितो या गरीब वस्तीत वाढला. तिथल्या मोकळ्या, खडबडीत मैदानांना ‘पोत्रेरो’ म्हणतात आणि अर्जेंटिनाच्या फुटबॉलची खरी शाळा तीच, असे तिकडचे लोक मानतात. मेस्सी रोसारिओचा, पण तेराव्या वर्षी तो बार्सिलोनाला गेला. १९८६ आणि २०२२ चे विश्वचषक या दोघांच्या कर्णधारपदाखाली जिंकले गेले.

टेनिसची वाट वेगळी होती. ब्रिटिशांनी आणलेला हा खेळ बराच काळ क्लबांच्या कुंपणाआड राहिला. ब्यूनस आयर्स लॉन टेनिस क्लब १८९२ चा आहे. हा खेळ घराघरांत पोचवण्याचे श्रेय मुख्यतः एकाच माणसाला जाते, गियेर्मो विलास. (आडनाव आपल्याकडच्या नावासारखे वाटले, तरी ते स्पॅनिश आहे.)

मार देल प्लाता या किनारी शहरात वाढलेल्या या डावखुऱ्या खेळाडूने १९७७ साली फ्रेंच आणि अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने जिमी कॉनर्सला हरवले. त्या एका वर्षात त्याने १६ विजेतेपदे मिळवली आणि सलग ४६ सामने जिंकले. तरीही वर्षअखेरीस व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या, म्हणजे एटीपीच्या, क्रमवारीत पहिला होता कॉनर्स!

असे का झाले? त्या काळी क्रमवारी एकूण गुणांवर नव्हे, तर सरासरीवर ठरत असे. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका खेळाडूने १२ स्पर्धांत ६०० गुण मिळवले, तर त्याची सरासरी ५० येते. दुसऱ्याने २४ स्पर्धांत १०८० गुण मिळवले, तर सरासरी ४५ येते. दुसऱ्याचे गुण कितीतरी जास्त, पण यादीत तो खाली. विलास भरपूर स्पर्धा खेळत असे, त्यामुळे ही पद्धत त्याला मारक ठरली.

खरा वाद मात्र १९७७ चा नाही, त्याआधीचा आहे. तेव्हा क्रमवारी आजच्यासारखी दर आठवड्याला प्रसिद्ध होत नसे. दोन याद्यांमध्ये अनेक आठवडे जात. अर्जेंटिनाचे पत्रकार एदुआर्दो पुप्पो आणि रुमानियाचे गणितज्ञ मारियन चुल्पान यांनी जुने निकाल गोळा करून, त्या काळचेच नियम वापरून, मधल्या आठवड्यांची गणना केली. त्यांच्या हिशेबानुसार १९७५ आणि १९७६ मध्ये मिळून सात आठवडे विलास पहिल्या स्थानावर होता.

सात आठवडे म्हणजे किरकोळ बाब वाटेल. पण अधिकृत नोंदीनुसार एकेरीत अर्जेंटिनाचा एकही खेळाडू आजवर जगात पहिला झालेला नाही. १९९० ची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकणारी गॅब्रिएला साबातिनी आणि २००९ मध्ये तीच स्पर्धा फेडररला हरवून जिंकणारा हुआन मार्तिन देल पोत्रो हे दोघेही तिसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचले. विलासची नोंद दुसऱ्या क्रमांकाची आहे.

एटीपीने ही मागणी फेटाळली. जुन्या याद्या मागाहून बदलायच्या नाहीत, ही तिची भूमिका. त्या काळी सर्वच खेळाडू प्रसिद्ध झालेली क्रमवारी पाहून पुढचे नियोजन करत, हे लक्षात घेतले तर तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पण महिला टेनिसच्या संघटनेने, डब्ल्यूटीएने, याच्या उलट केले. ऑस्ट्रेलियाची इव्हॉन गूलागाँग १९७६ मध्ये दोन आठवडे पहिली होती, हे जुन्या कागदपत्रांवरून दिसल्यावर तिने २००७ साली नोंद दुरुस्त केली.