ज्वाळेपुढचें कवच

चुलीवर पातेलें चढविण्यापूर्वीं त्याच्या बुडास राखेचें लेवण देण्याची रीत आपल्या घरांतून एके काळीं सर्वांच्या परिचयाची होती. काजळी धातूस धरूं नये, एवढाच तिचा हेतु. विमानाच्या टर्बाइन एंजिनांतील पात्यांस मात्र लेप द्यावा लागतो तो प्रत्यक्ष उष्णतेपासूनच त्यांचें रक्षण व्हावें म्हणून. हीं पातीं निकेलच्या मिश्रधातूचीं असतात. तो धातु सुमारें १३०० अंश सेंटिग्रेडच्या पुढें वितळूं लागतो. आणि त्यांवरून वाहणारा वायु तर त्याहूनहि तप्त! म्हणून पात्यांच्या पोटांतून तुलनेनें थंड हवा खेळवितात आणि बाहेरून झिर्कोनियाचा लेप देतात. त्यांत वजनानें शेंकडा ७-८ यिट्रिया मिसळलेला असतो. लेपाची जाडी मात्र फार तर पोस्टकार्डाएवढी.

एवढ्याशा थरांतून उष्णता किती झिरपते, हें मोजावयाचें कसें? १९६१ सालीं अमेरिकेंत पार्कर व त्याचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेली युक्ति येथें उपयोगी पडते. धातूपासून विलग केलेल्या लेपाच्या एका अंगावर क्षणमात्र प्रखर प्रकाशाचा झोत टाकावयाचा आणि दुसऱ्या अंगाचें उष्णमान कसें चढतें तें पाहावयाचें. हल्लीं हा झोत लेसरचा असतो. एकंदर वाढीच्या निम्मी वाढ होण्यास लागलेला काळ हीच सारी किल्ली. पाव मिलिमीटर थरास तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढाच असूं शकतो. जाडीच्या वर्गास या काळानें भागून ०.१३८८ नें गुणिलें कीं उष्णता पसरण्याचें मान मिळतें. त्यास घनता व विशिष्ट उष्णता यांनीं गुणिलें कीं वाहकता हातीं येते. झिर्कोनियांतून प्रकाश थोडाफार आरपार जातो. म्हणून नमुन्यावर आधीं सोन्याचा किंवा ग्रॅफाइटचा पातळ थर चढवितात. शिवाय जाडीचा वर्ग होत असल्यामुळें तिच्या मापांत शेंकडा ५ ची चूक झाल्यास उत्तरांत शेंकडा १० ची होते!

भरीव झिर्कोनियाची वाहकता दर मीटरास, दर अंशास दोन वॅटहून थोडी अधिक असते. फवारून बसविलेल्या लेपाची सुमारें एकच. याचें श्रेय लेपांतील सूक्ष्म भेगांस व पोकळ्यांस आहे. त्या उष्णतेची वाट अडवितात. परंतु एंजिनाच्या सततच्या तापानें याच भेगा हळूहळू बुजतात आणि उष्णतेस वाट मोकळी होते. तेव्हां केवळ नव्या लेपाच्या आंकड्यावर पात्याचें आयुष्य ठरविणें म्हणजे छपराची परीक्षा उन्हाळ्यांत करण्यासारखेंच होय. म्हणूनच नमुने तासन् तास भट्टींत तापवून पुनः मोजतात. ज्या पात्यांच्या भरंवशावर शेंकडों माणसें आकाशांत निश्चिंत बसतात, त्यांच्या कवचाचें नवेपण नव्हे, तर जुनेपण पारखणें अगत्याचें आहे.